डागमार, जिना सी

७ जानेवारी, बुधवार

आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद असावी. पुढे कोणी विचारलं तर हाताशी हवी.

काम: आमच्या सोसायटीसाठी ऑनलाइन फोरम. नाव मीच ठेवलं, 'अंगण'. कमिटीने आज मंजूर केलं. म्हणजे अडवलं नाही. चेअरमन मार्गारेता म्हणाली, हेनिंग, बारा मेच्या वार्षिक सभेपर्यंत चाळीस सभासद कर, नाहीतर तुझं अंगण बंद. घरं आहेत चौसष्ट. चाळीस म्हणजे किस झाड की पत्ती. जानेवारीअखेर होतील.

गरज का, तर कपडे धुण्याची खोली. तळघरात दोन मशीन, एक ड्रायर, प्रत्येक घराला ठरवून दिलेली वेळ आणि भिंतभर चिठ्ठ्या. समोर भेटलं तर कोणी कोणाला चकार शब्द बोलणार नाही. पण 'ज्याने माझ्या वेळेतली सात मिनिटं खाल्ली त्याने लाज बाळगावी' असं लिहून चिकटवणार. खाली नाव नाही. सगळ्या स्वीडनभर हेच चालतं. मी ते आमच्या इमारतीपुरतं थांबवणार.

माझा स्वतःचा स्वार्थ शून्य. नगरपालिकेत पाण्याचे मीटर तपासण्यात चौतीस वर्षं गेली, सप्टेंबरात रिटायर झालो. तेव्हापासून फोन फारसा वाजत नाही. शांतता छान आहे. जिन्यात कोणी 'काय हेनिंग' म्हटलं तर बरं वाटतं, एवढंच.

सभासद: १ (मी).

९ जानेवारी, शुक्रवार

धुण्याच्या खोलीत कागद लावला. लॅमिनेट करून. 'इथे चिठ्ठ्या लावू नका. जे बोलायचं ते अंगणवर बोला.' दुपारी जाऊन पाहिलं तर खाली पेन्सिलने: 'चिठ्ठ्या लावू नका अशी चिठ्ठी लावणारा हा शहाणा कोण?'

चला, प्रतिसाद सुरू झाला.

१६ जानेवारी, शुक्रवार

सभासद: ३. मी, माझी मुलगी लोविसा (ती माल्मोला राहते, पण सभासद तो सभासद) आणि केस उगवण्याचं तेल विकणारे कोणी गृहस्थ. तेलवाले रोज चार वेळा लिहितात. काढून टाकणार होतो, पण इतकी चिकाटी इमारतीत दुसऱ्या कोणात आहे? ठेवले. नमस्कार करून सोसायटीचे नियमही पाठवले.

नियम चौदा कलमी आहेत. लिहायला आठवडा लागला. वाचले फक्त तेलवाल्यांनी, असा संशय आहे.

२३ जानेवारी, शुक्रवार

रूने आला! माझ्या खालच्याच घरात राहतो. अकरा वर्षांत जिन्यात एक 'हेय', म्हणजे नमस्कार, आणि एकदा 'बर्फ पडलाय'. दोन वर्षांपूर्वी बायको गेली तेव्हा मी दारात फूल ठेवलं होतं, बेल न वाजवता. उगाच त्रास नको.

त्याने अंगणवर पहिला प्रश्न टाकला: 'चुकून आलो. यातून बाहेर कसं पडायचं?'

अस्सल चर्चेची सुरुवात! लगेच सात पायऱ्यांचं उत्तर लिहिलं, चित्रांसकट, आणि सगळ्यात वर कायमचं टांगून ठेवलं. तीनशे वेळा पाहिलं गेलंय. बहुतेक वेळा मीच.

रूने बाहेर पडला नाही. पायऱ्या जमल्या नसाव्यात.

३ फेब्रुवारी, मंगळवार

जानेवारीअखेर हा शब्द मी सैल अर्थाने वापरला होता.

लोविसाचा फोन. म्हणाली, बाबा, रिकाम्या हॉटेलात कोणी जेवायला जातं का? आधी दोन टेबलं भरलेली दिसायला हवीत. तिच्या म्हणण्याचा मी विचार केला आणि एक टेबल भरलं.

डागमार. जिना सी. शिवणकामाची निवृत्त शिक्षिका, एक मांजर, दुखरे गुडघे. जिना सीमध्ये भाडेकरू सारखे बदलतात, तिथे कोण राहतं हे कोणालाच ठाऊक नसतं. याला फसवणूक म्हणत नाहीत. कपड्यांच्या दुकानात पुतळा उभा करतात, तेव्हा पोलीस येतात का?

डागमारचं पहिलं वाक्य: 'ड्रायरच्या जाळीतला कचरा न काढता जाणारा कोण रे तो? आईने काही शिकवलं नाही वाटतं!'

५ फेब्रुवारी, गुरुवार

एकोणीस उत्तरं! सभासद अकरा! एकाने चक्क कबुलीच दिली की जाळी मीच विसरतो, माफ कर. डागमारने त्याला माफ केलं. मीही माझ्या नावाने लिहिलं, 'कलम ९ नुसार जाळी साफ करणे बंधनकारक आहे.' त्याला उत्तर आलं नाही. लोकांना पटलं असावं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

सभासद २६. डागमार बोलते, इमारत ऐकते. बर्फ कोणी काढायचा, सायकली कुठे लावायच्या, पातळ कॉफी कोणाला पाजायची नाही, सगळं तिला विचारतात. मला कोणी काही विचारत नाही. अर्थात मी पडद्यामागचा माणूस.

चर्चेला धार यावी म्हणून मुद्दाम तिच्याशी वाद घातला. सतरा जण तिच्या बाजूने. माझ्या बाजूने तेलवाले. मार्गारेताने लिहिलं, हेनिंग, वयस्कर बाईशी असं बोलतात का?

वयस्कर! माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी मोठी आहे.

८ मार्च, रविवार

डागमारला त्रास देतो म्हणून माझ्याविरुद्ध तीन तक्रारी. कलम ६: तीन तक्रारी झाल्यास चौदा दिवस बंदी. अपवाद नाहीत. ते वाक्य मीच ठळक केलं होतं.

दोन तास विचार केला. नियम म्हणजे नियम. स्वतःला बंद केलं.

शिक्षा योग्य होती, असं डागमारच्या नावाने लिहिलं. बत्तीस जणांना ते आवडलं.

१२ मार्च, गुरुवार

मला बंदी, त्यामुळे सध्या मी फक्त डागमार. सभासद ३८.

आज रूनेने डागमारला खाजगीत लिहिलं. बायकोचा लोकरीचा स्वेटर दोन वर्षं खुर्चीवर तसाच आहे. तिनेच विणलेला, निळा. वास जाईल म्हणून धुतला नाही. आता वास गेलाच आहे, नुसती धूळ आहे. कसा धुवायचा हे कोणाला विचारावं कळत नव्हतं, तू शिवणाची बाई आहेस म्हणून विचारतो.

तीनदा वाचलं. हा माणूस माझ्या पायाखाली राहतो. रात्री त्याचा रेडिओ मला ऐकू येतो. अकरा वर्षांत 'बर्फ पडलाय', आणि आज हे.

खाली जाऊन बेल वाजवावी असं वाटलं. पण जाणार कोण? त्याने मला थोडंच लिहिलंय.

डागमारने ठामपणे लिहिलं: चाळीस डिग्री, साधा प्रोग्रॅम, काही होत नाही. मी सगळं चाळीसवरच धुतो, आजवर काही झालेलं नाही. अर्थात माझ्याकडे लोकरीचं काही नाही.

२० मार्च, शुक्रवार

रूनेचं उत्तर: 'फार छान निघाला. तुझे उपकार झाले. आता रोज पाहतो.'

यासाठी फोरम काढतात! चाळीस सभासद, वाद, नियम, सगळं एका पारड्यात आणि हा एक स्वेटर दुसऱ्यात. दिवसभर हवेत होतो. जिन्यात रूने भेटला, मी हसलो. तो म्हणाला, हेय.

१४ एप्रिल, मंगळवार

सभासद ४७! महिनाभर आधी! मार्गारेताने जाहीर अभिनंदन केलं. डागमारचं.

आणखी एक. मार्गारेता चेअरमनपद सोडतेय. आमच्याकडे कमिटीवर यायला कोणी तयार नसतं. उमेदवार शोधणारे दोघे फेब्रुवारीपासून दारोदार हिंडतात आणि लोक दिवे घालवून आत गप्प बसतात. या वर्षी त्यांनी डागमारचं नाव ठरवलं. डागमारने लगेच लिहिलं, मला जमणार नाही, गुडघे दुखतात, माझ्यात ती लायकी नाही.

चूक झाली. आमच्याकडे जो 'माझी लायकी नाही' म्हणतो तोच लायक ठरतो. पाठिंबा दुप्पट झाला.

मी माझ्या नावाने हळूच सुचवलं की हेनिंगचाही विचार व्हावा. कोणीतरी लिहिलं, कोण हेनिंग? तो तक्रारींवाला?

१२ मे, मंगळवार, सकाळी

सभेत सगळं सांगून टाकणार. ठरलं. आधी लोक थक्क होतील, मग हसतील, मग टाळ्या. निळा शर्ट इस्त्री केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी

तळघराचा हॉल. थर्मासमध्ये कॉफी, हिरवा केक. विषय क्रमांक नऊ, चेअरमनची निवड. डागमार गैरहजर, गुडघे. मार्गारेताने विचारलं, दुसरं कोणी? सगळे बुटांकडे पाहू लागले. हातोडी पडली. एकमताने. गडबडीत माझाही हात वर होता.

मग मी उभा राहिलो. म्हणालो, मित्रांनो, डागमार म्हणजे मीच. कोणी हसलं नाही. कोणी खोकलं. मला वाटलं मुद्दा पोचला नाही, म्हणून फोरमचा फायदा पटवून द्यायला निळ्या स्वेटरची गोष्ट सांगितली. नाव घेतलं नाही. पण रूनेने कप खाली ठेवला, कोट घेतला आणि निघून गेला. मग सगळ्यांना कळलं कोणाचा स्वेटर.

मार्गारेताने विचारलं, हे इतिवृत्तात घ्यायचं का, आणि कुठल्या विषयाखाली. सोळावर घेतलं, 'इतर'.

केक मला कोणी दिला नाही. मीही मागितला नाही.

१३ मे, बुधवार

सकाळी ४७. अकरा वाजता २०. दोन वाजता ३. मी, लोविसा, तेलवाले. डागमारला मीच काढलं.

बाहेर पडायला कोणालाच अडचण आली नाही. सात पायऱ्या सगळ्यात वर टांगलेल्या होत्या, चित्रांसकट.

खाली जाऊन रूनेची बेल वाजवली. रेडिओ बंद झाला. दार उघडलं नाही.

१५ मे, शुक्रवार

कमिटीने अंगण बंद केलं. मार्गारेता दारात येऊन सांगून गेली, आत ये म्हटलं तर आली नाही. तिला आणखी एक वर्ष चेअरमन राहावं लागतंय. म्हणाली, हेनिंग, अरे तू नुसती बेल वाजवली असतीस रे लोकांच्या दाराची.

तिला ऑनलाइन माध्यमाची समज कमी आहे.

२१ मे, गुरुवार

माझी धुण्याची वेळ, दहा ते एक. खोलीत गेलो. माझा लॅमिनेट केलेला कागद अजून भिंतीवर. त्याखाली नवी चिठ्ठी, सहीसकट. आमच्या भिंतीवर कोणी सही करत नाही.

'निळा स्वेटर आटला. आठ वर्षांच्या मुलीला होईल एवढा झालाय. डागमारला वाईट वाटेल म्हणून छान निघाला असं लिहिलं होतं. ताणून मोठा कसा करायचा, कोणाला माहीत आहे का? रूने.'

तिच्याखाली चिठ्ठ्याच चिठ्ठ्या, पार फरशीपर्यंत. एकाने लिहिलंय, कोमट पाण्यात केसांचं कंडिशनर घाल. दुसऱ्याने, व्हिनेगर नको हं, रंग जाईल. मार्गारेताने, माझ्या आईची स्वेटर ताणायची फळी आहे, आणते. जाळी विसरणाऱ्याने, मी नुसता धरायला येतो. मग ठरलंय: रविवारी दोन वाजता, इथेच, सगळ्यांनी मिळून. दालचिनीचे बन कोण आणणार यावरही वाद झालाय. तीन चिठ्ठ्या भरून, आणि सगळ्यांच्या सह्या.

मोजल्या. एकतीस. माझं नाव एकाही चिठ्ठीवर नाही, शिवी द्यायलासुद्धा नाही.

तिथेच स्टुलावर बसलो. मशीन थांबलं, कपडे ड्रायरमध्ये टाकले, परत बसलो. चाळीस म्हटलं होतं मी. चाळीस डिग्री. इतक्या खात्रीने लिहिलं होतं, आणि तो बिचारा मला वाईट वाटू नये म्हणून खोटं बोलला. मला नाही, डागमारला. रडू आलं, ड्रायरच्या आवाजात खपून गेलं.

जाताना खिशातलं पेन काढलं आणि सगळ्यात खाली लिहिलं: 'रूने, चूक माझी. रविवारी मी येऊ का? हेनिंग.'

२२ मे, शुक्रवार

सकाळी आठलाच खाली गेलो. माझी वेळ नव्हती, दाराच्या काचेतून पाहिलं.

माझ्या चिठ्ठीपासून वर, भिंतीवरच्या माझ्या कागदापर्यंत, पेन्सिलने एक लांब बाण काढलाय. बाणाशेजारी लिहिलंय: 'वर वाच. इथे चिठ्ठ्या लावू नका.' सही रूनेची.

एका दिवसाच्या आत उत्तर. माझ्या नावावर. अंगणवर त्याने मला कधी लिहिलं नव्हतं.