पांढरा एप्रन

अब्बा, सलाम.

हे पत्र मी पाठवणार नाहीच, म्हणून खरं लिहिते. फी भरता आली नाही, त्यामुळे जूनपासून माझं फार्मसी कॉलेज सुटलंय. विचुंब्यातल्या एका मेडिकलमध्ये दिवसभर उभी राहून गोळ्या देते. घरी पुस्तक उघडते आणि लगेच मिटून ठेवते. दुबईहून तुमचा व्हिडिओ कॉल आला की घाईघाईने कॉलेजचा एप्रन चढवते आणि लॅबमध्ये आहे म्हणून सांगते.

काल दुपारी तुम्ही बांधकामाच्या साइटवरचं हेल्मेट घालून बोललात, "ड्युटीवर आहे, बेटा." मागे तुमच्या खोलीतला पलंग दिसत होता. मी तो पाहिला आणि एप्रनचं वरचं बटण लावलं.

तुम्हीही माझ्या मागची औषधांची कपाटं बराच वेळ पाहिलीत. मग म्हणालात, "लॅब छान आहे हं तुमची."

तुमची,
हादिया