थांबली, असं मी म्हणालो

बाई, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुमचा चेहरा आठवायला गेलो तर आधी तुमच्या हातातली पेन्सिल आठवते. बाकाच्या कडेवर ती ठक् करून वाजायची आणि कविता म्हणणारा जागच्या जागी थांबायचा. आज सकाळपासून मी तुमच्याशी मनातल्या मनात बोलतोय. म्हटलं, कागदावरच बोलावं. एक विचारायचं आहे, आणि ते विचारण्याजोगं दुसरं कुणी उरलेलं नाही.

माझी नात इथंच कोल्हापुरात इंजिनिअरिंगला आहे. ती आणि तिची इचलकरंजीची मैत्रीण मिळून एक गाडी करतात. गुडघ्याएवढी, चार चाकांची, चालवणारं कुणी नसलेली. वृद्धाश्रमाच्या लांबलचक व्हरांड्यातून पाणी आणि औषधं घेऊन ती आपली आपण खोल्याखोल्यांतून फिरणार, वाटेत माणूस आला तर थांबणार. मी जन्मभर एसटी स्टँडवर उभा राहून गाड्या सोडल्या. मला वाटायचं, गाडी आधी पुरी बांधायची आणि मग एकदा चालवून बघायची. तसं नाही म्हणे. नुसती चाकं होती तेव्हाच त्यांनी ती उलटी ठेवून फिरवली. सांगाडा झाला तेव्हा त्यावर विटा रचून गच्चीवर पळवली. मग फरशीवर, ओल्या फरशीवर, उंबऱ्यावरून. दर खेपेला वहीत बरोबरची खूण नाही तर फुली. फुल्याच जास्त. मी एकदा हळहळलो तर नात म्हणाली, "आजोबा, फुली आली की मला बरं वाटतं. कुठं बिघडलंय ते कळतं तरी." बाई, हे मला अजून नीट उमजलेलं नाही. फुली बघून बरं वाटणारं आपल्या वर्गात कुणी नव्हतं.

पण तुम्हीही अशाच होतात की. "बाकावर बसून कविता सगळ्यांनाच येते," म्हणायचात, आणि आम्हाला मैदानाला फेरी मारताना, बाहेर गडहिंग्लजचा बाजार कलकलत असताना म्हणायला लावायचात. एक दिवस तर अगदी डोळ्यांपुढं आहे. मी शाळेच्या आडावर कळशी ओढतोय आणि नदीची कविता म्हणतोय. दुसरं कडवं संपता संपता दोर हातातून सुटतो, कळशी धाडकन खाली जाते. तुम्ही हसता. "दोर सुटला तर सुटू दे, ओळ सोडू नकोस." तेवढ्यात घंटा होते. तुम्ही विचारता, "पुढचं येतं ना रे?"

मग साहेबांच्या तपासणीचा दिवस. कवितेची पाच कडवी. मी दुसऱ्यावरून थेट चौथ्यावर गेलो. तुमची पेन्सिल वर उचललेली मला दिसली. ती खाली आली नाही. शेवट झाल्यावर तुम्ही म्हणालात, "छान म्हटलीस," साहेबांनीही मान डोलावली, आणि शाळा सुटल्यावर तुम्ही तीच पेन्सिल मला बक्षीस दिलीत. ती अजून माझ्या टेबलावर आहे. तिला मी कधी टोक काढलं नाही. बाई, तुम्हाला कळलं होतं का?

हे आजच का विचारतोय, ते सांगतो. गच्चीवर माझं काम ठरलेलं आहे, माणूस होण्याचं. नातीची मैत्रीण मला म्हणाली होती, "आजोबा, आमाला तुमच्यासारखंच चालणारं माणूस पायजे. आमी लई भराभरा चालतो." मी पुढं चालायचं, गाडीनं थांबायचं. तीन दिवस नुसत्या फुल्या. मैत्रिणीचे अब्बा यंत्रमागावर असतात, ती वैतागून म्हणाली, "आमच्याकडं साधा धागा तुटला तर माग आपोआप थांबतोय. ह्या गाडीला तेवढीबी अक्कल न्हाय." मग काहीतरी दुरुस्ती झाली आणि गाडी थांबू लागली. माझी चालती विजार बघून थांबली, बादली बघून थांबली.

परवा मी एका बारशाहून आलो तो तसाच धोतरावर गच्चीवर गेलो. मैत्रीण खाली गेली होती, नात टाकीच्या सावलीत लॅपटॉपमध्ये मान घालून बसलेली. मला नुसतं उभं राहायला सांगितलं होतं. समोर पंचगंगेकडची झाडी दिसत होती आणि मला नदीची ती कविता आठवायला लागली. तिसऱ्या कडव्यापाशी अडलो होतो, इतक्यात नडगीवर गाडी आदळली. चाकं फिरतच राहिली. मी बाजूला झालो.

"थांबली का आजोबा?" नातीनं मान वर न करताच विचारलं. आवाज इतका थकलेला होता, की मी म्हणालो, "थांबली."

तिनं वहीत खूण केली आणि उठून गच्चीभर नाचली.

आज दुपारी गाडी वृद्धाश्रमात जायची आहे, म्हणून मीही परवाचंच धोतर नेसून तयार आहे. माझ्या नडगीवर निळा डाग आहे. तिथं माझ्याहून थकलेली माणसं काठी टेकत चालतात. एक जरी पडलं तर परत उठायचं नाही. पण चूक गाडीची होती का? मी तंद्रीत होतो, मीच पुढं सरकलो असेन का? आत्ता कुठं नातीच्या तोंडावर हसू आलंय. तुम्ही त्या दिवशी पेन्सिल वाजवली असतीत तर मी साहेबांपुढं रडलो असतो. नाही वाजवलीत, म्हणून जन्मभर "बाईंनी छान म्हटलं होतं" असं सांगत आलो, आणि दर वेळी सांगताना आत काहीतरी अडखळलं. तुम्ही मला सांभाळलंत की सोडून दिलंत? खालून हाक येतेय. रिक्षा आली वाटतं.

जाऊन आलो. दोघी गाडी रिक्षात चढवत होत्या. मी सांगितलं. मग मैत्रीण म्हणाली, "म्हंजे तुमी गाडीला फुकटच पास केलंसा व्हय, आजोबा!" नात हसली नाही. खाली बसली, "बघू किती लागलंय," म्हणत तिनं धोतराचा सोगा वर केला, आणि ते कापड बोटांत धरून तशीच राहिली. "परवा हेच नेसला होतात?" गाडी म्हणे आवाज सोडते आणि आपटून परत आलेला ऐकते. बादलीवरून तो येतो. सैल सुती निऱ्यांत जिरून जातो. "अगं, तिथं तर निम्म्या आज्ज्या लुगड्यात आहेत!" ती मैत्रिणीला म्हणाली. दोघींनी गाडी पुन्हा खाली उतरवली. रिक्षा परत गेली. वहीतली खूण तिनं खोडली नाही. शेजारी फुली केली आणि लिहिलं, धोतर. मला वाटलं होतं, आता मला बोलेल. ती एवढंच म्हणाली, "उद्यापासून रोज धोतर नेसून यायचं." आणि चेहरा असा उजळलेला, की मी पुन्हा गोंधळलो.

हे पत्र मी कुठंच टाकणार नाही. तुमच्या पेन्सिलीला आज पहिल्यांदा टोक काढलं, ते एवढ्या शेवटच्या ओळींसाठी. बाई, साहेबांपुढं मी तिसरं कडवं विसरलो नव्हतो. ते मी पाठच केलं नव्हतं. आडावर तुम्ही विचारलंत, पुढचं येतं ना, तेव्हा मी म्हणालो होतो, येतं.