उंबऱ्यावरची जागा

मी, एस्तेर दाविद पाटोळे, वय एकाहत्तर, धर्म ख्रिस्ती, निवृत्त आया, राहणार पालेगाव, अंबरनाथ पूर्व, माझ्या पश्चात काय व्हावे ते स्वतःच्या मर्जीने सांगत आहे. उजवा हात कोपरापासून काढला आहे, साखरेमुळे विष खांद्यापर्यंत चढले आहे, पण डोके जागेवर आहे. समोरचे शेजारी विष्णुपंत सबनीस लिहून घेत आहेत. माझ्या भाषेत सुधारणा करू नये असे त्यांना बजावले आहे.

१. घर. माझे पती कै. दाविद यांनी बांधलेले दोन खोल्यांचे घर माझ्या नावावर आहे. नवऱ्यांनी मारून हाकललेल्या बायका इथे राहत आल्या. सध्या सरू राहते. ती बारवी धरणाकडच्या पाड्यावरची. तिचा नवरा पदू याने बुक्क्यांनी तिचा जबडा मोडला, तापल्या उलथन्याने पाठ जाळली. ती आली तेव्हा तिला पाणीही गिळता येत नव्हते. हे घर मी सरूला देते. तिच्यासारखी कुणी आली तर तिने दार उघडावे. बँकेतली शिल्लक सरूच्या दातांसाठी.

२. उंबरा. घराला दार एकच, तेही एका लाथेत उघडणारे. म्हणून बाई आत असली की मी उंबऱ्याला लागून आडवी पडते. पाळकसाहेबांनी एकदा उपदेशात सांगितले होते, की पूर्वी मेंढवाड्याला दार नसे, मेंढपाळ स्वतःच आडवा पडे. सगळे "छान झाला उपदेश" म्हणत जेवायला गेले. मी घरी येऊन गोधडी अंथरली.

विष्णुपंत तेव्हा म्हणाले, "एस्तेरबाई, उंबऱ्यावर नृसिंह बसला होता. माणसानं झोपू नये तिथं."

मी म्हटले, "तो फाडायला बसला होता. मी नुसती अडवायला झोपते."

यंदा ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी, भर दुपारी, पदू कोयता घेऊन आला. दार लाथेने उघडले.

"म्हातारे, ऊठ. बायको माझी हाय."

"मला ओलांड आणि जा."

आडव्या माणसाला ओलांडू नये, हे त्याच्या आईने त्याला शिकवले असणार. मला तोडायला तो तयार होता, ओलांडायला नव्हता. मी उठावे म्हणून त्याने आधी बरगड्यांत लाथा घातल्या. मग कोयता चालवला. पहिल्या घावात बोटे गेली. दुसरा मनगटावर बसला. तिसरा हाडात अडकला, तो काढायला त्याला माझ्या दंडावर पाय द्यावा लागला. तेव्हाही तो रडवेला होऊन म्हणत होता, "ऊठ ना गं आजे, ऊठ ना." मग लोकांनी त्याला धरला. सरूला ओरखडाही नाही.

३. शेजारी. ज्यांनी तोवर गॅलरीतून मोबाइलवर शूटिंग केले, त्यांना माझ्याकडून काही नाही. त्यांच्याकडे माझे पुरेसे आहे.

४. मंडळी. चर्चच्या पंचांनी माझा फोटो भिंतीवर लावायचा ठराव केल्याचे कळले. लावू नये. माता, त्यागमूर्ती वगैरे म्हणू नये. या घरात बिछान्याला खिळलेल्या बाया होत्या तेव्हा पंचांपैकी कुणी संडास धुवायला आले नाही. फोटोऐवजी ते करावे. अजून जागा आहे.

५. समीर. माझा एकुलता मुलगा, राहणार शिरगाव, बदलापूर. पदू जामिनावर सुटल्यापासून समीर एकच बोलतो. "मम्मी, घर तुझं कुणालाही दे. मला त्याचे दोन्ही हात पाहिजेत. गेम करतो त्याचा, कसम से."

त्याने कोयता आणून गादीखाली ठेवला आहे, हे सूनबाई अनुयाने मला रडत सांगितले. तो कोयता माझ्या शवपेटीत, माझ्या उजव्या बाजूला ठेवावा. तिथे जागा रिकामीच आहे. समीरने तो स्वतः ठेवावा. ठेवला नाही तर त्याने मला खांदा देऊ नये.

समीर, तू तुरुंगात गेलास तर सरूच्या दाराशी कोण झोपणार? तुला मी माझी गोधडी आणि उंबऱ्यावरची जागा देते. डाग धुऊन गेला नाही, तशीच वापर. हातात काही घ्यायचे नाही. आलेल्याला शिवी द्यायची नाही, "ओलांड" एवढेच म्हणायचे. ही शिक्षा समजू नकोस. माझ्याजवळ याहून मोठे काही नाही.

सरू म्हणते, "आजी, मीच झोपंन." नाही. जिच्यावर कोयता येतो तिने दाराशी झोपायचे नाही. हा नियम माझ्यामागे मोडू नये.

समीरने अजून हो म्हटलेले नाही. पदू काल पालेगावच्या नाक्यावर दिसला. दार तेच आहे आणि मला आता खाटेवरून उतरवत नाही. एवढीच एक काळजी शिल्लक आहे, ती कुणाच्या नावावर करावी ते सुचत नाही.

वरील मजकूर मला वाचून दाखवला. सांगितला तसाच आहे. डाव्या हाताने सही करते.

एस्तेर दाविद पाटोळे
पालेगाव, अंबरनाथ पूर्व. दि. २१ नोव्हेंबर २०२५

आम्हां दोघांसमक्ष सही झाली:

१. विष्णुपंत गोविंद सबनीस
२. मालिनी विष्णुपंत सबनीस

साक्षीदार क्र. २ चा शेरा: आमच्या ह्यांची सही वाकडी आली आहे, तिच्याबद्दल पुढे कुणी शंका काढू नये. शेवटचा मजकूर लिहून झाल्यावर ते खुर्चीवरून उठले, गोधडी घेऊन उंबऱ्याशी आडवे झाले आणि सही त्यांनी तिथूनच केली. मी बाहेरून आले, तेव्हा मला आत यायला वाट नव्हती. मी ओलांडले नाही. एस्तेरबाईंनी खाटेवर केलेली सही मी उंबऱ्याबाहेरून पाहिली. कागद मला बाहेर दिला, माझी सही पायरीवर बसून केलेली आहे.