अब्बांचा नेम

पनवेल, रविवार, १३ नोव्हेंबर २०११

भाई कतारहून सुट्टीवर आलाय. त्याने आणलेला, हवेत धरून खेळायचा रिमोट आज कॉम्प्युटरला जोडला. फुगे फोडायच्या गेममध्ये अब्बांना घरात कोणी हरवत नाही, पण ते माउसवर. आज त्यांनी हात उचलून नेम धरला आणि पडद्यावरचा लाल ठिपका थरथरायला लागला. एका जागी थांबेचना.

"सेल गेले असतील," अब्बा म्हणाले.

भाईने पाकीट फोडून नवे सेल घातले. ठिपका तसाच. मग त्याने रिमोट स्वतः धरला, तर ठिपका एकदम स्थिर. त्याने तो पटकन खाली ठेवला.

माउस धरताना मनगट टेबलावर टेकलेलं असतं, म्हणून इतके दिवस कळलं नाही? की मीच पाहिलं नाही? हल्ली ते चहा अर्धाच कप मागतात, त्याचंही मला काही वाटलं नव्हतं.

"माउसच बरा," म्हणत अब्बा परत खेळायला बसले. एकही फुगा चुकला नाही.

डॉक्टरकडे चला, असं त्यांना कोण सांगणार? भाई शुक्रवारी जाणार, म्हणजे मीच. आणि मी काय बोलले, तर, "उद्या चांगले सेल आणते, अब्बा."