उजवा फुटरेस्ट व इतर मालमत्तेची व्यवस्था

मी, मुरलीधर रामचंद्र माळवदे, वय एकोणसत्तर, मूळचा इचलकरंजीचा, हल्ली मुक्काम ट्रली, आयर्लंड, धंदा सोफे आणि सीट शिवणे, आज पूर्ण शुद्धीत आणि कुणाचंही दडपण नसताना ही शेवटची इच्छा लिहून ठेवतो. पूर्वी कुठे काही लिहिलं असेल तर ते रद्द समजावं. शुद्धीबद्दल माझ्या बायकोचं, सौ. उर्मिलाचं, मत वेगळं आहे. पण कागद तिला वाचून दाखवला आहे आणि तिने मान हलवली आहे.

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक उर्मिलाला. इथल्या हॉस्पिटलात नर्सची नोकरी तिने केली, घराचे हप्ते तिने फेडले. मी तिच्यामागोमाग आलो आणि सोफे शिवत बसलो. तिच्यानंतर दोन्ही मुलांना सारखं.

२. शिलाई मशीन, वाकड्या सुया आणि फोम कापायची सुरी चिरंजीव उपेंद्रला, जो नास गावी राहतो. तो वापरणार नाही. इथले लोक कपाटाला प्रेस म्हणतात, त्या प्रेसमध्ये ठेवून देईल. ठेवू दे.

३. मेहुणे नरेंद्र आमच्या लग्नाच्या पंगतीत चारचौघांत म्हणाले होते की जावई गाद्या भरतो. त्यांना माझी कापसाची उशी द्यावी. स्वतः भरली आहे. झोप चांगली लागते.

४. मोटरसायकल. हे कलम लिहायचं म्हणून बाकीची लिहिली.

ही जुनी बाईक मी गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात पलीकडच्या गल्लीतल्या नोराबाई क्वर्क यांच्याकडून घेतली. त्यांचे यजमान डेनिस आदल्या वर्षी वारले, बाईक त्यांची. हिवाळ्यात करोनामुळे पाच किलोमीटरच्या पुढे जायची बंदी आली, तेव्हा शेडमध्ये बसून मी ती लांबच्या प्रवासासाठी अंगासरशी करून घेतली. हँडल उंच केलं, पुढची काच वाढवली, सीट उसवली. आतला जुना फोम घट्ट आणि उत्तम होता. चांगला माल टाकायला माझा हात होत नाही. तो तसाच ठेवून वर नवा थर दिला. त्यावर बसायला लागल्यावर माझा उजवा गुडघा धरला. म्हणून उजवा फुटरेस्ट डाव्यापेक्षा दोन बोटं खाली घेतला.

बंदी उठल्यावर लिमरिकला जाऊन आलो. सीटवर असेपर्यंत काही दुखत नाही. उतरलो की दुप्पट दुखतं. म्हणून पुन्हा बसावंसं वाटतं.

नोराबाईंनी फाटकाशी बाईक पाहिली आणि वाकून त्या फुटरेस्टवर हात ठेवला. डेनिसचा उजवा गुडघा वाकत नसे, म्हणाल्या. त्यांनीही हा फुटरेस्ट असाच खाली घेतला होता. विकण्यापूर्वी नोराबाईंनी मेकॅनिककडून सगळं मूळ जागी बसवून घेतलं होतं. मला हे ठाऊक नव्हतं. सीटला तेवढा कुणी हात लावला नव्हता.

उर्मिला एवढंच म्हणाली, "तुम्ही जिना चढता ना, तेव्हा मी दार लावून घेते. दुसरंच कुणी वर येतंय असं वाटतं."

तरी मी गप्प राहिलो असतो. पण ऑगस्टमध्ये मुलगी निशिगंधा सुट्टीला आली आणि बाईक घेऊन दिवसभर समुद्राकाठाने हिंडून आली. खुशीत होती. बाबांच्या हातची सीट, आता ही मलाच द्या, असा हट्ट धरला. दुसऱ्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "बाबा, तो उजवा फुटरेस्ट अजून थोडा खाली घ्याल?"

तिचे पाय माझ्यापेक्षा आखूड आहेत. तिला तो वर हवा.

म्हणून: बाईक निशिगंधालाच, पण सीटशिवाय. मी आहे तोवर किल्ली उर्मिलाच्या डब्यात. सीट आजच का उसवत नाही, असं कुणी विचारेल. दोनदा सुरी घेऊन बसलो, आणि दोन्ही वेळा शिवण पक्की करून उठलो. माझ्यानंतर ती शेडच्या बाहेर उसवून पुरती जाळावी. बाबांची आठवण म्हणून चिंधीही ठेवू नये. पोरी, तुझं माप घेऊन नवी सीट शिवून घे, दोन्ही फुटरेस्ट सारखे कर, आणि मग खुशाल हिंड.

५. हे कलम मागाहून घातलं. नोराबाई साक्षीला आल्या होत्या. वरचा मजकूर शेजारच्या अभिजितने त्यांना इंग्रजीत सांगितला. हसतील असं वाटलं होतं. त्या म्हणाल्या, "जाळू नका. बाईक गेल्यापासून डेनिस घरी आलेला नाही. तुम्हाला लागतो तोवर राहू दे, त्याला सोबत आवडायची. नंतर मात्र माझ्याकडे पाठवा."

तरी फक्त वरचा थर जाळावा. खालचा जुना फोम नोराबाई क्वर्क यांना त्यांच्या घरी नेऊन द्यावा; निशिगंधाने नेऊ नये, उपेंद्रने न्यावा, आणि मांडीवर घेऊ नये. ज्याला काही मिळतं त्याची साक्ष इथे चालत नाही, म्हणून नोराबाईंचं नाव खोडून उर्मिलाच्या हॉस्पिटलातल्या माधवीताईंना बोलावलं आहे.

सही: मु. रा. माळवदे

साक्षीदार, दोघांसमक्ष सही झाली:
१. ~~नोरा क्वर्क~~ माधवी दाबके
२. अभिजित शेजवलकर

ट्रली, ४ सप्टेंबर २०२१