चित्रातला निंब

शेवगाव, १४ ऑक्टोबर १९४८

चि. बद्रीनाथ यास आक्काचे अनेक आशीर्वाद.

तू काढलेलं वडीगोद्रीचं चित्र पोचलं. रझाकारांच्या धास्तीनं आई माझ्याकडे आली, तिला गाव आठवतं म्हणून तू ते पाठवलंस, आणि झालं भलतंच. घराच्या भिंती तिरप्या, दार एकीकडे, ओसरी दुसरीकडे, टेकडीचे तुकडे! आई म्हणते, घर पाडलंय. पोरगं चिठ्ठीत लपवतं, चित्रात लपवता आलं न्हाई त्याला. आपले आण्णा दवाखान्यात वारले तेव्हाही आपण तिला नुसते आजारी आहेत असंच सांगितलं होतं, त्यामुळे माझ्यावरही तिचा विश्वास नाही. नीट जेवतसुद्धा नाही.

एक मात्र बरं केलंस. तिनं लग्न होऊन आल्यावर लावलेला अंगणातला निंब धडधाकट काढलास. त्यावरून हात फिरवते आणि म्हणते, घर पडलं तर पडू दे, निंबाखाली राहू. मला जल्दी घेऊन चल. खरं काय ते कळव, शहाण्या.

तुझी आक्का,
नंदा

वडीगोद्री, १९ ऑक्टोबर १९४८

ती. नंदाआक्कास बद्रीनाथाचा शि. सा. न. वि. वि.

घर शाबूत आहे, आईची शपथ. मुंबईला मास्तरांनी क्यूबिझम शिकवलं: एका जागी उभं राहून बघायचं नाही, वस्तूभोवती चारी बाजूंनी फिरायचं आणि दिसेल ते सगळं एकाच कागदावर मांडायचं. म्हणून चित्रात दारही दिसतं आणि परसही. माझ्या हौसेपायी आई उपाशी राहिली, याची फार लाज वाटते.

पण खरी लाज पुढेच आहे. निंब नाही, आक्का. भादव्यात रझाकारांच्या मोटारी येणार अशी हूल उठली, रस्त्यात आडवं टाकायला झाड हवं होतं. कारभारीकाका म्हणत होते, आधी आईला निरोप धाडू. मी थांबलो नाही, मीच कुऱ्हाड घातली. त्या वाटेनं कोणी आलंच नाही. चित्र काढताना उरलेल्या बुंध्याकडे पाठ करून बसलो आणि निंब आठवून काढला. घरासारखे त्याचे तुकडे करवेनात. आईला तूच वाचून दाखव, माझ्यात धीर नाही.

तुझा अपराधी,
बद्री

शेवगाव, २५ ऑक्टोबर १९४८

चि. बद्रीस आशीर्वाद.

वाचून दाखवलं. आई रडली नाही. निंब कुठल्या अंगाला पडला एवढंच विचारलं, आणि ते मला ठाऊक नव्हतं. मग जेवली.

संध्याकाळी म्हणाली, त्याला लिही, मास्तरानं बराबर शिकवलंय. आता त्या बुंध्याभोवती चारी बाजूंनी फिर म्हणावं, आणि दिसेल ते काढ. ते चित्र आलं की मंग मी येते.

माया होती तेवढीच आहे. कागद मोठा घे.

तुझी आक्का