सुप्याचं स्थळ

बारामती,
१२ जून २०२४

ती. इंदूआत्यास,
अबोलीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि कानाचं यंत्र तू डबीतून बाहेर काढत नाहीस, म्हणून हे पत्र. एका परीने बरंच आहे. निदान मधेच माझं बोलणं तोडता येणार नाही तुला.

रमाकाका जाऊन चार महिने झाले. दवाखान्यात त्याने मला एक काम सांगितलं होतं, ते तुझ्या कानावर घालायचं राहून गेलं. तो कॅमेरा घेऊन उजनीच्या पाण्यात गेलेल्या गावांमागे आणि ऊसतोडीच्या पालांवर फिरायचा, तेव्हा पोलिसांनी त्याच्यावर पाळत ठेवली होती, असं तो नेहमी म्हणायचा ना? मी गेल्यावर ते कागद मागव, म्हणाला. तुझ्या बापाला, युवराजला, एकदाचं पटू दे. बाबांचं अजून तेच, की रमाला जन्मभर भ्रम होता, त्याच्यामागे कोण कशाला लागेल. या एका गोष्टीवरून दोघे भाऊ किती वर्षं धड बोलले नाहीत, हे तुला मी काय सांगू.

मी माहितीच्या अधिकारात अर्ज करते आहे. पण वकील म्हणाले, पुतणीच्या अर्जाला ते धूप घालणार नाहीत, सख्ख्या वारसाची सही हवी. बाबा करणार नाहीत. राहिलीस तू. अर्ज सोबत आहे. खूण केली आहे तिथे सही कर आणि तुझ्या मोहितदादाबरोबर पाठवून दे.

लोभ आहेच, सही आली की आणखी वाढेल.

तुझी,
अबोली


वालचंदनगर,
२० जून २०२४

चि. अबोलीस,
आत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

सही केली आहे. थरथरली म्हणून बँकवाल्यांसारखी परत पाठवू नकोस. आमच्याकडे कामाला येते ती बनाबाई शेजारी उभी होती. तिचं म्हणणं, आता कशाला त्या पोलिसांच्या मागं लागायचं, गेलेलं माणूस काय परत येतंय व्हय. तिचं खोटं नाही. मलाही आता कशाच्या मागे लागायचं त्राण नाही.

पण एक सांगते. मला त्या कागदांतून एकच गोष्ट हवी आहे, रमाचा एक धड फोटो. मेल्याने सगळ्या दुनियेचे फोटो काढले आणि स्वतःचा एक ठेवला नाही. भिंतीवर आधार कार्डावरचा मोठा करून लावलाय, त्यात तो पाकीटमार दिसतो. येताजाता माझ्याने तिकडे बघवत नाही. वर्षश्राद्धाला त्या फोटोला मी हार घालणार नाही. पाळत ठेवली म्हणतेस, तर फोटोही काढला असेल की त्यांनी. तेवढा माग.

एक चांगला होता. मीच त्याला बळेबळे इंदापूरला स्टुडिओत नेलं होतं, मोहितच्या बाबांचा कोट चढवून. तो त्या सुप्याच्या स्थळाने नेला. तू तेव्हा लहान होतीस. रमा माझ्याकडेच राहायचा, चाळिशीला टेकला होता. एक दिवस एक गृहस्थ आले. आधी कॉलनीत चौकशी करून मग माझ्या दारात. रमा करतो काय, जातो कुठे, येणारेजाणारे कोण, व्यसन काही, मिळकत किती. अशी चौकशी मुलीवाल्यांशिवाय कोण करतं? मुलगी कुठली म्हणून विचारलं, तर नुसते हसले आणि आपण सुप्याकडचे, एवढंच म्हणाले. मी पोहे केले, दोन गोष्टी वाढवून सांगितल्या, फोटो दिला. मग ना निरोप, ना फोटो.

रमाला सांगितलं, तर त्याने एवढंच विचारलं की पाहुण्यांच्या पायात काय होतं. तांबडे चकचकीत बूट, म्हटलं. ठसका लागेपर्यंत हसला. पुन्हा आले तर चहा दे आणि विचारतील ते सांग, म्हणाला. पुन्हा कोण येतंय! तुझ्या दाढीमुळे नकार आला, असं मी त्याला दर दिवाळीला ऐकवायची. पुढच्या वेळी दाढी करीन, म्हणायचा. सुप्याच्या लोकांना मी काही माफ केलेलं नाही.

बाकी ठीक. गुडघा आहे तसाच आहे. तुझ्या आईला आठवण सांग आणि माझ्यावर माया असू दे.

तुझी,
इंदूआत्या


बारामती,
१९ सप्टेंबर २०२४

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. शाळेच्या परीक्षा आणि पुण्याच्या खेपा यांत जीव मेटाकुटीला आला आहे. आपल्या अर्जाला पहिलं उत्तर आलं, की असा कोणताही अभिलेख आढळून येत नाही. मी पुन्हा लिहिलं. तेव्हा आलं, की माहिती गोपनीय असल्याने देता येत नाही. आता नसलेली गोष्ट गोपनीय कशी, एवढंच मी अपिलात विचारलं आहे.

दोन्ही उत्तरं बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा पुसला, दुसरं पुन्हा वाचलं आणि उसाला पाणी सोडायचंय म्हणून कन्हेरीला निघून गेले. शेतात सध्या गुडघाभर चिखल आहे. कसलं पाणी सोडतात!

तुझा फोटोही अपिलात मागितला आहे. परवा मुलांची सहल सुप्याला चिंकारा दाखवायला नेली, तेव्हा तुझी आठवण झाली. मागे मोहितदादा गाडी घेऊन तयार होता आणि त्या गावात मी पाय ठेवणार नाही म्हणून तू उतरून बसली होतीस. हरणांनी काय गं घोडं मारलं होतं?

तब्येत सांभाळ, आणि माझ्या वाट्याचा लोभ हरणांना देऊ नकोस.

अबोली


वालचंदनगर,
२५ नोव्हेंबर २०२४

चि. अबोलीस,
अनेक आशीर्वाद.

पुरे कर बाई आता. तुझ्या आईचं पत्र आलं, तू वाळलीस म्हणते. सुनावणी पुन्हा पुढे गेल्याचं कळलं. मी रोज दुपारी पोस्टमनची वाट बघते आणि रोज तो समोरच्यांचं वीजबिल टाकून जातो. थकले मी. मोहित म्हणतो, आधार कार्डावरच्याच फोटोला कॉम्प्युटरवर कोट घालून देतात. दुसऱ्याचा कोट आणि पाकीटमाराचं तोंड. तेही चालेल म्हणते आता.

तू आलीस की तुला खपली गव्हाची खीर करीन. पत्र नाही आलं तरी चालेल, तू ये.

इंदूआत्या


बारामती,
१७ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आधी बस. बनाबाईला चहा टाकायला सांग आणि मग वाच.

कागद मिळाले. सगळे नाहीत, पुष्कळ ठिकाणी काळी पट्टी मारलेली आहे. पण काकाला भ्रम नव्हता. तो कोणत्या पालावर किती वेळ थांबला, कोणाच्या घरी जेवला, सगळं लिहिलेलं आहे. बाबांनी ते अंगणात उभ्यानेच वाचलं. मग आत जाऊन काकाचा जुना कॅमेरा कपाटातून काढला आणि धोतराच्या सोग्याने पुसत बसले. मला त्यांच्याकडे बघून रडू आलं.

आता तुझं. एका कागदावर तुझं नाव आहे. वालचंदनगर येथे समक्ष भेट, सदर इसमाच्या बहिणीकडे चौकशी. सदर इसम निर्व्यसनी, मितभाषी व देवभोळा असल्याचे समजते. शेजाऱ्यांकडूनही दुजोरा. आत्या, काका आणि देवभोळा! कॉलनीतल्या सगळ्यांनी शेजारधर्म पाळून त्याच्या विड्याही लपवल्या. कागदाच्या कोपऱ्यात फोटो टाचला आहे, कोटातला. ते स्थळ नव्हतं गं. ते पोलीस होते.

तुझ्यापासून काही लपवायचं नाही असं ठरवलं आहे, म्हणून हेही लिहिते. पुण्याच्या मोठ्या कंपनीतून दरमहा पैसे येतात, असं तू सांगितलंस. त्याखाली त्यांनी लाल रेघ मारली आहे, की पैशाचा उगम संशयास्पद, पाळत चालू ठेवावी. पुढे दोन वर्षांनी, प्रतिकूल काही आढळले नाही म्हणून बंद केली. तू मनाला लावून घेऊ नकोस. लग्नाच्या बोलण्यात एवढं तर प्रत्येक घरी वाढवून सांगतात.

मूळ फोटो देत नाहीत. मोबाइलवरही काढू दिला नाही. शिक्का मारलेली झेरॉक्स दिली, ती सोबत आहे. फार काही चांगली नाही, पण डोळे ओळखू येतात.

रागाव, पण लोभ आवरता घेऊ नकोस.

तुझीच,
अबोली


वालचंदनगर,
२१ फेब्रुवारी २०२५

चि. अबोलीस,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

वर्षश्राद्ध पार पडलं. तू शाळेच्या कामासाठी लगेच निघालीस, म्हणून बोलता आलं नाही. आणि चारचौघांत हे माझ्याने बोलवलंही नसतं.

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी जेवले नाही. लाल रेघेचंच मनात होतं. भावाचं भलं व्हावं म्हणून फुशारकी मारली आणि त्याच्यामागे आणखी दोन वर्षं माणसं लावून दिली. बनाबाईपुढे रडले. ती म्हणाली, तुमी काय वाईट बोलला न्हाय, मग रडताय कशापायी. तरी रडले.

झेरॉक्स फ्रेम करून घेतली. खांद्यावर गोल शिक्का आहे, मोहित तो पुसून देणार होता. मी राहू दे म्हटलं. तेवढ्या शिक्क्यासाठी तू किती वणवण केलीस. आधार कार्डावरचा पाकीटमार उतरवला. युवराज हार घालायला उठला आणि फोटोपुढे हात जोडून इतका वेळ उभा राहिला, की भटजींना खाकरावं लागलं.

मग सगळे गेल्यावर मी एकटीच फोटोकडे बघत बसले, आणि ते बूट आठवले. अबोली, साध्या कपड्यांत आले तरी पोलीस बूट बदलत नाहीत, हे रमाला माहीत होतं. पायात काय होतं म्हणून त्याने विचारलं आणि हसला, त्याच दिवशी त्याला कळलं होतं कोण येऊन गेलं ते. मला सांगितलं असतं तर माझी झोप उडाली असती. यांची नोकरी, मोहित लहान, दारावर कोणी आलं की मी दचकले असते. म्हणून त्याने मला स्थळ आलं होतं असंच समजू दिलं. नकार त्याच्या दाढीवर घेतला. दर दिवाळीला माझी बोलणी खाल्ली आणि पुढच्या वेळी दाढी करीन म्हणाला.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ये. मोहितला म्हणावं गाडी काढ, आपण सुप्याला जाऊ, हरणं बघू. त्या गावाला मी उगाच इतकी वर्षं शिव्या दिल्या.

माझ्यावर लोभ ठेव, पण मला भीती वाटेल म्हणून माझ्यापासून काही लपवू नकोस. एकाने लपवलं तेवढं पुरे.

तुझी,
इंदूआत्या